नळाचे पाणी आणि मताचा अधिकार

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नगरपालिकेच्या निवडणुकीत मत मागण्यासाठी वस्तीत शिरणाऱ्या कार्यकर्त्याला बहुतेक दारांत एकच उत्तर ऐकावे लागते: "कोणीही निवडून आला तरी नळाला पाणी तेवढेच येणार, मग मत देऊन उपयोग काय?" हे उत्तर देणारी माणसे अडाणी नसतात आणि बेफिकीरही नसतात. पहाटे चार वाजता हंडे घेऊन रांगेत उभी राहणारी स्त्री, पावसाळ्यात घरात शिरलेले गटाराचे पाणी घमेल्याने उपसणारा कामगार, ह्यांचा अनुभवच त्या उत्तरातून बोलत असतो. त्यांनी आश्वासने ऐकली आहेत, भूमिपूजनाचे नारळ फुटताना पाहिले आहेत, आणि फुटलेल्या नारळाखालची मोरी पुढच्या निवडणुकीपर्यंत तशीच तुंबलेली पाहिली आहे. म्हणून त्या उत्तराची बोळवण "राजकीय जाणिवेचा अभाव" अशा एखाद्या छापील शब्दाने करून पुढच्या दाराकडे वळणे योग्य नव्हे. त्याला पुराव्यानिशी उत्तर दिले पाहिजे, आणि ते उत्तर इतिहासात आहे, तसेच अगदी अलीकडच्या चार-पाच वर्षांतही आहे.

तथापि त्याआधी एक अडचण खुद्द कार्यकर्त्यांच्याच मनातली दूर करणे अगत्याचे आहे. गटार, नळ, कचरा, दिवाबत्ती हे प्रश्न दुय्यम. खरे राजकारण म्हणजे वेतन, जमीन आणि राज्यसत्ता, अशी एक समजूत जुन्या व नव्या दोन्ही पिढ्यांच्या सभासदांत आढळते. लोकसभेच्या प्रचारात रात्रंदिवस राबणारा सभासद प्रभागाच्या निवडणुकीत अर्धाच दिवस देतो. ह्या समजुतीला शास्त्रीय समाजवादाच्या इतिहासात कसलाही आधार नाही. १८७१ च्या मार्च महिन्यात पॅरिसच्या कामगारांनी जी सत्ता उभारली, ती कोणत्या माणसांची होती? २६ मार्च रोजी पॅरिसच्या निरनिराळ्या विभागांतून सार्वत्रिक मतदानाने निवडून आलेल्या नगरसेवकांची. ते मतदारांना जबाबदार होते आणि मतदार त्यांना मुदतीआधी परत बोलावू शकत होते, ह्या गोष्टीला मार्क्सने "फ्रान्समधील यादवी युद्ध" ह्या ग्रंथात केवढे महत्त्व दिले आहे, हे सर्वांनी वाचलेले आहे. जगातील पहिली कामगारसत्ता एका नगरपालिकेच्या रूपाने अवतरली. तेव्हा 'नगरसेवक' हा शब्द नाक मुरडून उच्चारण्याचे काही कारण नाही.

मत कोणाला, पाणी कोणाला

आता मूळ प्रश्न. मताचा आणि पाण्याचा खरोखर काही संबंध आहे काय?

मुंबईचे उदाहरण घ्यावे, कारण ते सर्वात जुने आणि सर्वात स्पष्ट आहे. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये शहरात आले, तुळशीचे १८७९ मध्ये, तानसाचे १८९२ मध्ये. १८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार सरकारनियुक्त आयुक्ताच्या हाती गेला. आर्थर क्रॉफर्ड हे पहिले आयुक्त. त्यांनी कामे धडाक्याने केली, खर्चही तितक्याच धडाक्याने केला. आणि करदाते खवळून उठले. त्या चळवळीचे फळ म्हणजे १८७२ चा कायदा. त्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका स्थापन झाली आणि त्यांपैकी ३२ सभासद करदात्यांनी निवडून द्यावयाचे ठरले. इंग्रजी राजवटीत हा पुढचा टप्पा होता, ह्यात शंका नाही. परंतु करदाता म्हणजे कोण? घरमालक, व्यापारी, दलाल, वकील. ज्याच्या नावावर घर नाही, जो गोदीत हमाली करतो, गिरणीत साचा चालवतो, पालिकेची घाण उपसतो, तो ह्या यादीत नव्हता. त्याने दिलेल्या भाड्यातूनच मालक पट्टी भरीत असे. पण मत मालकाचे!

ह्याचा परिणाम १८९६ साली साऱ्या जगाने पाहिला. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मांडवी विभागात प्लेग प्रकट झाला. पाणी शहरात भरपूर आणले गेले होते, पण ते वाहून नेणारी गटारे त्या दाट वस्त्यांत धड नव्हती. त्यावर उपाय म्हणून १८९८ मध्ये 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. त्याने रुंद रस्ते काढले, दाट वस्त्या पाडल्या. मात्र पाडलेल्या खोल्यांतील माणसे शेजारच्या चाळींत अधिकच दाटीने कोंबली गेली. भांडवलदारवर्ग घरांचा प्रश्न सोडवीत नाही, तो एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन ठेवतो, असे एंगल्सने १८७२ मध्येच दाखवून दिले होते. ज्यांची घरे पडली त्यांना विचारण्याचा प्रसंगच येत नव्हता, कारण ते मतदार नव्हते.

पुण्याकडे पाहिले तरी तेच दिसते. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते, पण ते नियुक्त सभासद. शूद्रातिशूद्रांनी त्यांना निवडून देण्याची सोयच नव्हती. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन ह्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा विषय निघाला तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे म्हणत जोतीरावांनी विरोध केला. विरोध करणारे ते एकटे होते. पालिकेच्या तिजोरीवर पहिला हक्क कोणाचा, शोभेच्या कमानींचा की पेठेतल्या पोरांचा, हा वाद तेव्हापासून चालत आला आहे.

ह्या साऱ्यांहून बोलके उदाहरण महाडचे. मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये बोले ठराव संमत केला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपल्या हद्दीतील चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर पाणी मिळाले होते! पण तीन वर्षे कोणाही अस्पृश्याला त्या तळ्यावर जाता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्यावर गेली, पाणी प्याली, आणि परतीच्या वाटेवर त्यांच्यावर हल्ले झाले. ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. ठराव करणारी पालिका तीच, रद्द करणारीही तीच. आणि दोन्ही वेळी जे सभासद मतदान करीत होते त्यांना ज्यांच्या मतांची भीती बाळगावी लागे ते मतदार करदात्यांपुरत्या मर्यादित मताधिकाराचे होते. तळ्यावर गेलेल्या माणसांपैकी जवळजवळ कोणाचेही नाव त्या यादीत नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १९३७ मध्ये. महाडच्या त्या परिषदेच्या संघटकांपैकी एक असलेले कॉम्रेड रा. बा. मोरे पुढे कम्युनिस्ट पक्षात आले, हा योगायोग नव्हे. पाण्याच्या लढ्यातून राजकीय हक्काच्या लढ्याकडे जाणारी वाट सरळ आहे.

मुंबईत मताधिकार थेंबाथेंबाने वाढला. १९२२ मध्ये भाडेकरूंना मत मिळाले, पण दरमहा दहा रुपये भाडे भरणाऱ्यांनाच. गिरणगावातील एका खोलीचे भाडे त्याहून सहसा कमी असे. म्हणजे मताधिकाराची रेषा नेमकी कामगाराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबली. सर्व प्रौढांना मत देऊन महापालिकेची निवडणूक झाली ती स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, १९५८ मध्ये, मेरठ खटल्यात तुरुंगवास भोगलेले कॉम्रेड एस. एस. मिरजकर मुंबईचे महापौर झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेचा त्यात मोठा वाटा होता, हे मान्य करावे. पण १९२२ च्या यादीवर ती लाट महापालिकेच्या पायरीपर्यंतही पोहोचली नसती.

१९६१ मध्ये कॉम्रेड अहिल्या रांगणेकर नगरसेविका झाल्या आणि पुढे बरीच वर्षे त्या सभागृहात राहिल्या. त्याच वर्षी गोरेगावातून समाजवादी मृणाल गोरे निवडून आल्या. त्यांना लोकांनी 'पाणीवाली बाई' हे नाव दिले, ते कोणत्या भाषणामुळे नव्हे. सभागृहात प्रश्न विचारायचा आणि त्याच प्रश्नावर रिकामे हंडे घेऊन बायकांचा मोर्चा न्यायचा, ही दुहेरी रीत त्यांनी रूढ केली. १९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनात ह्या दोघी वेगवेगळ्या पक्षांच्या असूनही एका व्यासपीठावर आल्या आणि लाटणी घेतलेल्या हजारो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. हे पाठबळ एका दिवसात जमलेले नव्हते. त्यामागे दहा वर्षांचे नळ-मोरीचे काम होते. नळाच्या कामाला क्षुद्र समजणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात घ्यावा.

सभागृह नसते तेव्हा

"निवडणुकीने काय होते?" असे विचारणाऱ्याला एक उलट प्रश्न विचारता येतो: निवडणूकच झाली नाही तर काय होते? दुर्दैवाने ह्याचे उत्तर देण्यास आता भरपूर सामग्री उपलब्ध आहे.

१ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांची मुदत पाच वर्षे ठरवली आणि ती संपण्यापूर्वीच पुढील निवडणूक झाली पाहिजे असे बंधन घातले. बारावी अनुसूची जोडून पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, घनकचरा, झोपडपट्टी सुधारणा आदी अठरा विषय पालिकांकडे सोपवावेत असे राज्यांना सुचवले. घटनेचे शब्द असे निःसंदिग्ध आहेत. आणि प्रत्यक्षात? मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण, प्रभागांची संख्या आणि रचना ह्यांचे वाद न्यायालयात अडकले. ते लवकर सुटावेत अशी निकड सत्तेवरील कोणालाच वाटली नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, त्यानंतरही मुदत वाढवून घेण्यात आली, आणि अखेरीस १५ जानेवारी २०२६ रोजी मुंबईसह महाराष्ट्रातील २९ महापालिकांसाठी मतदान झाले. चेन्नईत सभागृह २०१६ च्या ऑक्टोबरात संपले आणि निवडणूक २०२२ च्या फेब्रुवारीत झाली. बंगळुरूत सप्टेंबर २०२० मध्ये मुदत संपली, आणि २०२५ हे वर्ष सरले तरी मतदान झाले नव्हते.

ह्या काळात पालिकांचे काम थांबले काय? मुळीच नाही. मुंबईत २०२३-२४ चे ५२,६१९ कोटी रुपयांचे, २०२४-२५ चे ५९,९५४ कोटींचे आणि २०२५-२६ चे ७४,४२७ कोटींचे, अशी तीन अंदाजपत्रके एकाही निवडून आलेल्या सभासदाच्या मताविना मंजूर झाली. मांडणारा प्रशासक, मंजूर करणाराही प्रशासक! देशातील सर्वात श्रीमंत महापालिकेचा पैसा कोठे जावा हे ठरवणाऱ्या खोलीत २२७ खुर्च्या रिकाम्या होत्या. स्थायी समिती नव्हती, म्हणून कंत्राटावर प्रश्न विचारण्याची जागा नव्हती. प्रभाग समितीची बैठक नव्हती, म्हणून तुंबलेल्या नाल्याची तक्रार इतिवृत्तात नोंदली जाण्याची जागा नव्हती. रहिवाशाला उरली ती विभाग कार्यालयाची खिडकी, आणि तिच्यामागे बसलेला, बदलीची वाट पाहणारा अधिकारी. नगरसेवक निकम्मा असला तर त्याच्या दाराशी जाऊन चार शब्द सुनावता येतात. प्रशासकाचे दार कोठे असते हेच वस्तीला ठाऊक नसते.

ह्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगाची साथ आली. त्यानंतर १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव ह्यांनी थोड्याच अवधीत शहराची स्वच्छता आमूलाग्र सुधारली, ह्याची वाखाणणी देशभर झाली. तेव्हा चांगला अधिकारी असला तर मतांची काय जरुरी, असे मध्यमवर्गात हटकून बोलले जाते. त्या अधिकाऱ्याच्या कामाचे मोल कमी करण्याचे कारण नाही. परंतु तोच मनुष्य नेमला जाईल ह्याची हमी रहिवाशाला कोण देणार? अधिकारी वरून येतो आणि वरच्या हुकमाने जातो. त्याच्या कामाची पाहणी करणारे, त्याच्यानंतर ते काम टिकवणारे आणि ते काम आधी कोणत्या वस्तीत व्हावे हे ठरवणारे कोणीतरी खालून उभे राहावे लागते. शिवाय १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यापासूनच कार्यकारी सत्ता आयुक्ताकडे आहे. सभागृहाच्या हाती मुख्यतः अंदाजपत्रक, कंत्राटांची मंजुरी आणि प्रश्न विचारण्याचा हक्क एवढेच आहे. एवढ्याशा लगामावरही ज्यांना पाणी सोडावेसे वाटते त्यांनी घोडा कोणाचा आहे ते आधी पाहावे.

मत दिले, तरी नळ का नाही?

आता सर्वात अवघड प्रश्न. झोपडपट्टीतील माणूस मत देतोच. किंबहुना मतदानाच्या दिवशी उंच इमारतींच्या भागापेक्षा श्रमिकांच्या वस्त्यांतील केंद्रांवर रांगा अधिक दिसतात. मुंबईत २०१२ मध्ये एकूण सुमारे ४५ टक्के आणि २०१७ मध्ये सुमारे ५५ टक्के मतदान झाले. म्हणजे निम्मे शहर घरी बसते, आणि घरी बसणाऱ्यांत सुखवस्तू कमी नाहीत. असे असूनही वर्षानुवर्षे महापालिकेचे मोजमाप काय? इमारतीतल्या माणसाला दररोज १३५ लिटर, झोपडीतल्या माणसाला ४५ लिटर. आणि विशिष्ट तारखेनंतर बांधलेल्या झोपडीला अधिकृत नळजोडणीच नव्हती. त्या घरातील स्त्रीचे नाव मतदार यादीत होते, तिच्या बोटाला शाई लागत होती, पण पालिकेच्या पाणी खात्याच्या दृष्टीने ती त्या जागी राहतच नव्हती! 'पाणी हक्क समिती'ने न्यायालयात दाद मागितली, तेव्हा डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की झोपडी अनधिकृत असली तरी तेथील माणसाला पाणी नाकारता येणार नाही. पाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

मग मताने काय केले? सरळ उत्तर असे की सुट्या मताने फारसे केले नाही. श्रीमंत वस्तीला मत नसले तरी चालते; तिच्याकडे दूरध्वनी असतो, वकील असतो, आयुक्तांच्या ओळखीचा रहिवासी असतो. गरीब वस्तीकडे मताखेरीज दुसरे काही नसते आणि तेच नेमके घराघरांतून सुटे सुटे गोळा केले जाते. निवडणुकीच्या आधल्या रात्री एखाद्या गल्लीत दोन टँकर येतात, दुसऱ्या गल्लीत भांडी वाटली जातात, तिसऱ्या गल्लीतल्या मंडळाला वर्गणी मिळते. नळ हा हक्क आहे, टँकर ही मेहेरबानी आहे. नळ मागणारा मतदार पाच वर्षे डोकेदुखी होऊन बसतो. टँकर घेणारा एका रात्रीत मिटतो. टँकरवाला, ठेकेदार आणि उमेदवार हे अनेक ठिकाणी एकाच घरचे असतात, ही गोष्ट वस्तीतील पोरेसुद्धा जाणतात. नळ आला तर टँकर बंद पडेल. मग नळ कोण आणील?

म्हणून "मत द्या" एवढाच प्रचार अपुरा आहे. वस्तीने वस्ती म्हणून मत दिले पाहिजे. ह्याचा अर्थ सर्वांनी एकाच चिन्हावर शिक्का मारावा असा नाही. निवडणुकीपूर्वी वस्तीने स्वतःची मागणी स्वतः ठरवावी आणि प्रत्येक उमेदवाराला, आपल्या पसंतीच्या उमेदवारालाही, त्या मागणीसमोर उभे करावे. ह्याचे काम फार बारकाईने करावे लागते. किती घरांमागे एक नळ, पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते, सार्वजनिक संडासात किती खाणी आहेत आणि त्यांतील किती वापरण्याजोगी आहेत, रात्री तेथे दिवा असतो काय, स्त्रियांना अंधारात किती अंतर चालावे लागते, कचऱ्याची गाडी आठवड्यातून किती वेळा येते, दवाखान्यात औषध मिळते की चिठ्ठी मिळते: ही मोजणी कार्यकर्त्यांनी रहिवाशांसह, मुख्यतः स्त्रियांसह, केली पाहिजे. पुरुष "पाणी कमी येते" असे सांगतात. स्त्रिया सांगतात की चार वाजून दहा मिनिटांनी येते, सहा हंडे भरतात आणि सातवा भरत नाही. पालिकेच्या अभियंत्याला दुसरे उत्तर फेटाळता येत नाही.

मुंबईच्या कायद्यातील कलम ६१ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये सांगितली आहेत आणि कलम ६३ मध्ये ऐच्छिक कर्तव्ये. गटारे, सफाई, पाणी हे विषय पहिल्या यादीत मोडतात. इतर शहरांच्या कायद्यांतही असे भाग आहेत. प्रत्येक शाखेने आपल्या शहराच्या कायद्यातील ते पान काढून ठेवावे. "साहेब, कृपा करा" ह्या भाषेऐवजी "हे तुमच्यावर बंधनकारक आहे" ही भाषा वस्तीच्या तोंडी आली की बैठकीचा रंग पालटतो.

सफाई कामगार आणि रहिवासी ह्यांच्यात जाणूनबुजून लावले जाणारे भांडण हाही येथे लक्षात घेण्याजोगा विषय आहे. गल्ली घाण राहिली की शिव्या खातो तो झाडूवाला. पण त्या प्रभागाला मंजूर माणसे किती आणि प्रत्यक्षात कामावर किती, कायम किती आणि कंत्राटी किती, हे रहिवासी विचारीत नाहीत. मुंबईत कंत्राटी म्हणून राबवल्या गेलेल्या २,७०० सफाई कामगारांना कायम करण्याचा हुकूम त्यांच्या 'कचरा वाहतूक श्रमिक संघा'च्या दीर्घ लढ्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये कायम केला. हातमोजे नाहीत, गमबूट नाहीत, वेळेवर पगार नाही अशा माणसाकडून स्वच्छ गल्लीची अपेक्षा करणारा नगरसेवक आणि त्याच माणसाचे कंत्राट मंजूर करणारा नगरसेवक एकच असतो. गल्लीच्या मागणीपत्रात सफाई कामगाराच्या नोकरीची मागणी असलीच पाहिजे.

पैशाचा मुद्दा थोडक्यात. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली. पालिकेच्या उत्पन्नाचा तो मोठा खांब होता. तेव्हापासून राज्य सरकारच्या भरपाईवर अवलंबून राहणे आले. उलट दिशेचे उदाहरण केरळचे: १९९६ मध्ये तेथे लोकयोजना मोहीम सुरू झाली, तेव्हा राज्याच्या योजना-खर्चापैकी ३५ ते ४० टक्के रक्कम स्थानिक संस्थांच्या हवाली करण्यात आली आणि ती कोठे खर्च करावी ह्याची चर्चा गावागावांत, प्रभागाप्रभागांत झाली. तेथील अडचणीही बऱ्याच आहेत. पण हाती पैसा असलेल्या सभेला माणसे येतात आणि नुसत्या ठरावाच्या सभेला येत नाहीत, एवढे तरी त्या प्रयोगाने दाखवले.

महाराष्ट्रात २०११ पासून पालिकांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. अनेक ठिकाणी फलकावर नाव पत्नीचे आणि कारभार पतीचा, असा प्रकार चालतो आणि त्याची चेष्टाही होते. चेष्टा करणाऱ्यांनी सांगावे की राखीव जागा नसत्या तर तेवढी तरी नावे फलकावर आली असती काय? ती स्त्री बैठकीत बोलू लागेल ते वस्तीतील स्त्रिया तिच्या मागे बसतील तेव्हा. आणखी एक खोड मुंबईखेरीज राज्यातील अन्य महापालिकांत आहे: एका प्रभागातून अनेक सभासद निवडण्याची पद्धत. मोरी तुंबली की चौघे एकमेकांकडे बोट दाखवतात. अशा ठिकाणी मागणीपत्र चौघांकडूनही स्वतंत्रपणे सही करून घेणे हाच व्यवहारी मार्ग आहे.

शेवटी, महाराष्ट्राबाहेर काम करणाऱ्या मराठी सभासदांसाठी एक मुद्दा. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात खानदेशातून गेलेले हजारो मराठी कामगार राहतात. तशाच वस्त्या अन्य शहरांतही आहेत, आणि मुंबई-पुण्यात उत्तर भारतातून, तेलंगणातून, मराठवाड्यातून आलेल्या श्रमिकांच्या. ह्यांतील कित्येकांची नावे अजून गावच्या यादीत असतात. वर्षातून एकदा गावी जाणारा माणूस तेथे मत देतो आणि उरलेले अकरा महिने जेथे पाणी भरतो तेथे त्याचे मत नसते. गावाची ओढ, रेशनकार्ड, जमिनीचा तुकडा, ही कारणे खरी आहेत आणि ती कोणी हसण्यावारी नेऊ नयेत. पण १९२२ मध्ये दहा रुपये भाड्याच्या अटीने जे केले तेच आज ही गावची यादी करीत आहे. अशा कुटुंबांशी बोलताना घाई करू नये. गावाशी नाते तुटत नाही, फक्त मत ह्या गल्लीत येते, हे दोन-तीन भेटींत पटते.

काम कागदाचे आहे आणि कंटाळवाणे आहे. पालिकेसाठी वेगळी नोंदणी होत नाही. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी एका ठरलेल्या तारखेला घेऊन ती प्रभागवार फोडतो. त्या तारखेनंतर भरलेला अर्ज त्या निवडणुकीपुरता वाया जातो. म्हणून निवडणूक जाहीर झाल्यावर नव्हे, तर आधीच्या वर्षी दारोदार यादी घेऊन फिरावे लागते. अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी आणि ज्यांचे नाव कोठेच नाही त्यांच्यासाठी नमुना ६. जागा बदललेल्यांसाठी नमुना ८. राहण्याच्या पुराव्यासाठी वीजबिल नसेल तर काय चालते हे कार्यालयात आधी विचारून घ्यावे, कारण झोपडीतल्या भाडेकरूकडे ते बहुधा नसते. भरलेल्या अर्जाची पोच मागावी, वहीत तिचा क्रमांक लिहावा, आणि नवी यादी लागली की त्या वहीशी ती एकेक नावाने ताडून पाहावी.